स्प्रिंग कापण्याआधी

बनशंकरी, बंगळुरू
रविवार सकाळ

चि. ओंकार,


तुझा लांबलचक मेसेज मिळाला. त्याच रात्री ताईचा फोनही आला. तिच्या बोलण्यात काळजी होती आणि तुझ्या लिहिण्यात उत्साह, तेव्हा दोन्ही बाजू माझ्यापर्यंत पोचल्या आहेत. दाजींच्या स्विफ्टच्या पुढच्या स्प्रिंगांचा एकेक वेढा कापायचा, पुढची चाकं आत कलती करायची, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, रीमॅप करून घ्यायचा आणि त्यासाठी लागणारं सामान मी इथल्या जे. सी. रोडच्या बाजारातून पाठवायचं, असं तुझं म्हणणं. वर्षभर ‘फोर्झा होरायझन ५’ खेळून तुला गाडीचं ट्यूनिंग समजलंय, असंही तू लिहिलं आहेस.

सामान पाठवणार नाही, हे आधीच सांगतो. पण नुसत्या नकारानं तुझं समाधान होणार नाही आणि ते होऊही नये. तू गेममधून काहीतरी खरं शिकला आहेस, हे मी स्वतः पाहिलंय. त्यातलं काय खरं, काय अर्धं आणि पुढचं कुठे शिकायचं, एवढं नीट सांगावं म्हणून हे पत्र.

दिवाळीत तू आमच्याकडे होतास तेव्हाची गोष्ट. हॉलमध्ये तू एक छोटी, पुढची चाकं ओढणारी हॅचबॅक चालवत होतास. एका यू-टर्नसारख्या वळणावर गाडी दरवेळी बाहेरच्या कडेला जायची. तिसऱ्यांदा तसं झाल्यावर तू गेम थांबवलास आणि म्हणालास, “मामा, नाक बाहेर पळतंय.” मग सेटिंगमध्ये जाऊन पुढचा अँटी-रोल बार थोडा मऊ केलास, बाकी कशाला हात लावला नाहीस, आणि पुन्हा त्याच वळणावर गेलास. गाडी वळली. तू काही बोलला नाहीस, पण मला फार आनंद झाला. मी गाड्यांच्या चाचणी विभागात वीस वर्षं काम करतोय. नवीन आलेल्या इंजिनिअरना शिकवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो तो याच गोष्टीला: गाडी काय करतेय ते आधी साध्या शब्दांत सांगा, मग एकच गोष्ट बदला, मग पुन्हा तिथेच जाऊन बघा.

पण त्या दिवशी गाडी का वळली, हे मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, “मऊ केलं की वळते.” गेम तुला इथपर्यंत आणतो. कुठल्या दिशेला जायचं ते कळतं, कारण मात्र कळत नाही. कारण असं आहे: वळणावर गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, ती त्याहून कमीच वाढते. म्हणजे जोडीतल्या एका टायरवर खूप भार आणि दुसऱ्यावर अगदी थोडा, असं झालं की त्या जोडीची मिळून पकड घटते. अँटी-रोल बार डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी बांधतो. तो पुढे कडक असेल तर पुढच्या बाहेरच्या टायरवर जास्त बोजा पडतो, पुढची जोडी आधी हार मानते आणि नाक बाहेर जातं. तू पुढचा बार मऊ केलास तेव्हा त्या बोजाचा काही वाटा मागच्या जोडीनं उचलला. हे एवढं समजलं की स्प्रिंग, बार, टायरची हवा या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत. चार टायरमध्ये भार कसा वाटला जातो, हा एकच प्रश्न सगळीकडे विचारायचा.

आता गेम कुठे फसवतो ते पाहा. ‘फोर्झा’मध्ये अँटी-रोल बारचे आकडे १ ते ६५ असतात. पुढचा १ वर आणि मागचा ६५ वर ठेवून शर्यती जिंकणारे खेळाडू तू पाहिलेस, स्वतःही तसं केलंस. गेममध्ये ते चालतं. खऱ्या गाडीत मागची बाजू इतकी कडक केली, तर पावसात ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना शेपूट कधी सुटेल ते कळणार नाही, आणि तिथे मागे नेऊन पुन्हा खेळायचं बटण नसतं. अशा गेमना आर्केड धाटणीचे म्हणतात ते यामुळेच. मजा टिकावी म्हणून ते पकड सढळ हातानं देतात आणि चुका पोटात घालतात. चाकं पाच अंश आत कलवली तर टायरची आतली कड काही हजार किलोमीटरांत झिजून तारा दिसू लागतील, पण त्या टायरचं बिल गेम तुला पाठवत नाही. सस्पेन्शनचे बुश चिरलेले नसतात, बॉल जॉइंट सैल झालेला नसतो, नट गंजून अडकलेला नसतो. दाजींच्या स्विफ्टमध्ये यातलं काहीही असू शकतं.

तुला वाटेल, मामाचं वय झालं म्हणून तो घाबरवतोय. तर हे ऐक. २००४ साली ‘नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड २’ आला. गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवून तिचं ट्यूनिंग करायची सोय त्यात होती. माझं तेव्हा तुझ्यासारखंच झालं होतं. रात्र-रात्र तो गेम खेळून मला वाटलं, गाडी खाली बसली की ती रस्त्याला चिकटते. माझ्याकडे जुनी झेन होती. एका गॅरेजमध्ये पुढच्या दोन्ही स्प्रिंगांचा एकेक वेढा ग्राइंडरनं कापून घेतला. गाडी दिसायला सुरेख झाली. महिनाभरानं कनकपुरा रस्त्यावर, पावसात, उखडलेल्या डांबराच्या पट्ट्यावरून जाताना पुढची चाकं उसळली, स्टेअरिंग हलकं पडलं आणि गाडी रस्ता सोडून चरात गेली. शेजारी बसलेल्या मित्राचं खांद्याजवळचं हाड मोडलं. वेग साठचाही नव्हता. त्या हाडाची आठवण मला आजही वळणावर येते, आणि म्हणूनच मी हे काम शिकायला लागलो.

त्यात काय चुकलं होतं ते नंतर समजलं. स्प्रिंगचे सहा कामाचे वेढे असतील आणि एक कापला, तर उरलेली स्प्रिंग साधारण वीस टक्के कडक होते. शॉकअब्सॉर्बर मात्र जुन्या, मऊ स्प्रिंगच्या मापाचाच राहतो. तो कडक स्प्रिंगची उसळी आवरू शकत नाही, आणि चाक खड्ड्यातून वर आलं की जमिनीवर नीट टेकत नाही. शिवाय गाडी खाली आल्यानं चाकाला वर जायला जागाच उरत नाही, ते रबरी थांब्यावर आदळतं आणि त्या क्षणी सस्पेन्शन दगडासारखं होतं. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही ते वेगळंच. गेममध्ये गाडीची उंची कमी करणं म्हणजे एक पट्टी डावीकडे सरकवणं. खऱ्या गाडीत उंची बदलली की स्प्रिंग, शॉकअब्सॉर्बर, चाकांचे कोन आणि हेडलाइटची दिशा, सगळं एकमेकांशी पुन्हा जुळवावं लागतं.

रीमॅपबद्दलही थोडं. तुमची स्विफ्ट टर्बो नसलेली पेट्रोल गाडी आहे. अशा इंजिनात जेवढी हवा येते तेवढंच पेट्रोल जाळता येतं. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. इथली हवा समुद्रकाठापेक्षा आठ-नऊ टक्के विरळ, त्यामुळे बिनटर्बो इंजिनाची ताकदही साधारण त्याच प्रमाणात घटते. तुमचं बेळगावही पठारावरच आहे, तिथे हाच हिशेब थोड्या कमी फरकानं. ईसीयूमधला नकाशा कितीही बदलला तरी हवा वाढत नाही, म्हणून अशा गाडीत रीमॅपनं हाती फार थोडं लागतं. या शहरात हे काम मन लावून करणारे लोक आहेत. पॉवरट्रॉनिक नावाचा ट्यूनिंगचा ईसीयू रेस डायनॅमिक्सनं इथेच बनवला. पण अशी माणसं डायनोवर मोजून काम करतात, आणि मोजल्यावर कुठे थांबायचं ते त्यांना कळतं.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण गाडी दाजींच्या नावावर आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकानं ठरवलेल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलं. कलम १८२ अ प्रमाणे प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तू कापलेल्या स्प्रिंगचा जबाब दाजींना द्यावा लागेल.

आता तू काय करावंस ते सांगतो. माझ्या मनात हाच या पत्राचा मुख्य भाग आहे.

गेम सोडू नकोस. फक्त खेळण्याची पद्धत बदल. एक दोनशे पानी वही घे. एकच गाडी, एकच ट्रॅक, कोरडा रस्ता ठरव. ब्रेक आणि ट्रॅक्शनची आपोआप मदत बंद कर, गिअर हातानं टाक. पाच फेऱ्या मार, पहिल्या दोन सोडून उरलेल्या तिन्हींची वेळ लिही. मग एकच सेटिंग बदल आणि पुन्हा पाच फेऱ्या. वेळ सुधारली की नाही यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे, बदल करण्याआधी लिहायचं: “मला वाटतं, आता वळणात शिरताना असं होईल.” अंदाज चुकला तर ते पान फाडू नकोस. सगळ्यात जास्त तू त्याच पानावरून शिकशील. टेलिमेट्रीचा पडदा उघड आणि टायरचं आतलं, मधलं, बाहेरचं तापमान बघ. चाकांचे कोन आणि हवा बरोबर आहे का, ते हे तीन आकडे बोलून दाखवतात.

दुसरं, गेममधले आकडे कागदावर सोडव. गिअरचं उदाहरण घे. १८५/६५ आर १५ टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर. इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर, गिअर १ ला १ आणि फायनल ड्राइव्ह ४ धरला, तर चाक मिनिटाला १,५०० वेळा फिरतं, म्हणजे ताशी साधारण १७५ किलोमीटर. फायनल ड्राइव्ह ४.४ केला की तोच वेग १६० वर येतो, पण प्रत्येक गिअरमध्ये ओढ दहा टक्के वाढते. गेममधली ती पट्टी काय करते, ते या चार ओळींत उलगडतं. मग ब्रेकचा हिशेब कर. हजार किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर, पुढच्या-मागच्या चाकांत २.४५ मीटर अंतर, आणि जोराचा ब्रेक, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट. सुमारे १८० किलो भार मागच्या चाकांवरून पुढच्यांवर जातो. दोन-अडीच माणसं मागून उठून पुढे येऊन बसली, असं समज. पुढचे ब्रेक मोठे का असतात, हे यापुढे तुला कुणी सांगावं लागणार नाही.

तिसरं, हात काळे कर. बेळगावच्या उद्यमबागेत दाजींचं लेथचं वर्कशॉप आहे, हे तुझं भाग्य आहे. तिथे मायक्रोमीटर आणि डायल गेज आहेत, आणि शंभराव्या भागाच्या चुकीवरून माल परत येतो. सुट्टीत रोज दोन तास तिथे उभा राहा. ज्याच्या बोटांना मिलिमीटरचा शंभरावा भाग जाणवतो, त्याला अलाइनमेंटच्या मशीनवरचे आकडे परके वाटत नाहीत. घरच्या गाडीवर आज तू एकच ट्यूनिंग करायचं: चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली हवा, गाडी थंड असताना, स्वतःच्या गेजनं, दर पंधरा दिवसांनी. हे साधं वाटेल. पण चारी टायरमध्ये नेमकी हवा असलेल्या गाड्या रस्त्यावर किती थोड्या असतात, ते तू स्वतः मोजायला लागलास की कळेल.

हवेवरून एक प्रसंग आठवला. बंगळुरूबाहेरच्या एका मैदानावर ऑटोक्रॉस होती, शंकू मांडलेल्या मातीच्या ट्रॅकवर एकेक गाडी सोडत होते. एक वयस्क मेकॅनिक गाडी सुटण्याआधी वाकला आणि त्यानं टायरच्या खांद्यावरून बाजूच्या भिंतीपर्यंत पांढऱ्या खडूचा पट्टा ओढला, प्रत्येक चाकावर तीन ठिकाणी. फेरी झाली, गाडी परत आली. तो पुन्हा वाकला. पुढच्या टायरचा खडू खांदा ओलांडून बाजूच्या भिंतीवर बोटभर पुसला गेला होता. टायरच्या खांद्यावर बारीकसा त्रिकोण असतो. ती खरं तर झिजेची खूण कुठे आहे ते दाखवणारी निशाणी, पण मैदानातली माणसं अंदाजासाठी तिचाच उपयोग करतात. खडू त्या त्रिकोणापर्यंत पुसला जावा, त्यापुढे नको. त्यानं दोन पीएसआय हवा वाढवली, नवा खडू ओढला, गाडी पुन्हा सोडली. या वेळी खडू त्रिकोणाशी थांबला. त्याच्याजवळ कॉम्प्युटर नव्हता. एक बदल, एक फेरी, एक खूण: तू दिवाळीत सोफ्यावर बसून केलंस तेच तो उन्हात करत होता. तुमच्यातला फरक एवढाच, की त्याच्याकडे खडू होता आणि मागे तीस वर्षांचे ट्रॅक होते.

चौथं, वेगाची हौस योग्य जागी भागव. बेळगावहून कोल्हापूर दोन तासांवर आहे, तिथे मोहिते यांचा कार्टिंग ट्रॅक आहे. इथे आलास तर मी तुला हेन्नूरच्या कार्टिंग ट्रॅकवर नेईन, खर्च माझा. कार्टला सस्पेन्शन नसतं आणि डिफरन्शियलही नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसलेली असतात, त्यामुळे वळताना आतलं मागचं चाक जरासं उचलावंच लागतं. भार वाटण्याचा जो धडा मी वर लिहिला, तो कार्टमध्ये थेट तुझ्या पाठीला कळेल.

आणि पाचवं. तुझ्या डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगला जाशील तेव्हा स्टुडंट फॉर्म्युलाची, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः रेसची गाडी बांधून उतरायच्या स्पर्धेची, टीम असलेलं कॉलेज बघ. इथल्या आर. व्ही. कॉलेजात अश्वा रेसिंग आहे, मुंबईत आयआयटी बॉम्बे रेसिंगची मुलं विजेवरच्या गाड्या बांधतात. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ ही स्पर्धा होते. तिथे नुसती वेगवान गाडी चालत नाही. परीक्षक विचारतात, हा कोन का ठेवलास, ही स्प्रिंग का निवडलीस. आठचा आकडा काढत वळायचं, एकाच गाडीनं २२ किलोमीटरांची सहनशक्तीची फेरी पुरी करायची. ज्याच्या वहीत कारणं लिहिलेली असतात, तो तिथे बोलू शकतो.

गेममधून खऱ्या ट्रॅकवर गेलेली माणसं आहेत, हे तू मेसेजमध्ये लिहिलंस. ते खरंच आहे. ‘ग्रॅन टुरिस्मो’ १९९७ मध्ये आला, तुझ्या गेमपेक्षा तो बराच काटेकोर. त्याच्या खेळाडूंतून निवड होऊन स्पेनचा लुकास ओर्दोनेज २००८ मध्ये पुढे आला, ब्रिटनचा यान मार्डेनबरो २०११ मध्ये. यान २०१३ च्या ल मान्स चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात तिसऱ्या क्रमांकाच्या गाडीत होता. पण निवड झाल्यावर त्यांना थेट शर्यतीत सोडलं नाही. खऱ्या गाड्यांत, खऱ्या प्रशिक्षकांपुढे घासून घेतलं. गेमनं त्यांना दारापर्यंत आणलं, पुढचं चालणं त्यांचं त्यांनाच करावं लागलं.

आणि दूर कशाला जायचं, तुझ्याच गावचं बघ. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. सायकल खोलायची, समजून घ्यायची, पुन्हा जोडायची, इथून सुरुवात झाली. पुढे लोखंडी नांगर आला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि आज बंगळुरूजवळ बिडदीला टोयोटाच्या गाड्या ज्या कारखान्यातून बाहेर पडतात त्याच्या नावात किर्लोस्कर आहे. मी म्हैसूर रस्त्यानं जाताना तो फाटा लागला की दरवेळी बेळगावातलं ते सायकलचं दुकान मला आठवतं. तू त्याच गावचा आहेस, हे विसरू नकोस.

ताईला सांग, मी तुझ्यावर रागावलेलो नाही. दाजींना माझा नमस्कार सांग, आणि त्यांच्याकडून वर्कशॉपमध्ये रोजचे दोन तास मागून घे. मे महिन्यात इकडे ये, येताना वही आण. तुझे चुकलेले अंदाज मला आधी वाचायचे आहेत. तोवर त्या स्प्रिंगना हात लावू नकोस.

तुझा,
मामा